अंगठ्याशेजारची सुई

तोआ पायोह, सिंगापूर
९ फेब्रुवारी २०२५

अहो,

हाताने लिहिलेलं पत्र बघून आधी पोस्टमन चकित झाला असेल आणि मग तुम्ही. घाबरू नका. घशाला सूज आहे म्हणून डॉक्टरांनी काही दिवस बोलायची बंदी केली आहे, आणि डोळ्यांना ताण नको म्हणून मोबाईलच्या पडद्याकडे बघायचीही. म्हणजे फोन नाही आणि व्हिडिओही नाही. विभा म्हणाली, बाबांना मी कळवत जाईन. पण तुमची लेक पडली बँकेतली अकाउंटंट. ती माझी खुशाली ताळेबंदासारखी दोन ओळींत देणार. म्हणून आर्याच्या पाटीवर लिहून दाखवलं की मीच पत्र लिहीन. नातीला फार मजा वाटते आहे. शाळेतून आली की पाटी पुढे करते आणि म्हणते, "आजी, टुडे व्हॉट न्यूज?"

आता जरा नावडती बातमी. महिनाअखेरचं तिकीट आम्ही पुढे ढकललं आहे. घशाबरोबर गुडघ्यानेही डोकं वर काढलंय. आमच्या ब्लॉकच्या खाली दुकानांची रांग आहे ना, जिथे तुम्ही मागच्या खेपेला छत्री विसरला होतात, तिथेच एका चिनी वैद्यीणबाईंचा दवाखाना आहे. अशा वैद्यांना इथे सिनसे म्हणतात. बाईंचं नाव मॅडम टे. त्या सुया टोचून उपचार करतात. आठवड्यातून तीनदा जायचं. मी सुईला किती भिते ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी मी डोळे गच्च मिटायला बघत होते, तर त्या म्हणाल्या, "आंटी, नो पेन वन. लाइक अँट बाइट ओन्ली." आणि खरंच, मुंगी चावल्याइतकंच वाटलं.

तुम्ही जेवणाचे हाल करून घेऊ नका. दहावीच्या मुलांचे वर्ग परीक्षेपर्यंत आहेत हे माहीत आहे, पण त्यांना शिवकाल शिकवताना स्वतः उपाशी राहायची गरज नाही. वरच्या मजल्यावरच्या सरोजिनीताईंना सांगून ठेवा, त्या भाजी देतील.

इथली कोपी, म्हणजे यांची कॉफी, आवडायला लागली आहे. पिशवीत बांधून देतात, स्ट्रॉने प्यायची. मला ती पद्धत फार सोयीची पडते.

तुमची,
दमयंती


सांगली
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय दमयंती,

तुझं पत्र काल मिळालं. तुझं बोलणं बंद, ही बातमी मी दोनदा वाचली. पहिल्यांदा काळजीने वाचली आणि दुसऱ्यांदा... तुला वाटेल आनंदाने, पण नाही, दुसऱ्यांदाही काळजीनेच वाचली. घर इतकं गप्प झालंय की मी सकाळी रेडिओ लावून ठेवतो. हल्लीच्या निवेदिका फार भरभर बोलतात. तू रेडिओवर होतीस तेव्हा हळदीचे बाजारभाव ऐकतानासुद्धा माणूस हातातलं काम थांबवायचा. मी तर हळद पिकवतही नव्हतो, विकतही नव्हतो, तरी रोज ऐकायचो. तुझ्या वडिलांकडून स्थळ आलं तेव्हा मी पत्रिका न बघता होकार दिला तो त्या बाजारभावांमुळे, हे तुला ठाऊकच आहे.

असो. आता तुझ्या चिनी सुयांबद्दल. त्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की सुई टोचून रोग बरा करणं हे मूळ आपलं आहे. आपले शल्यवैद्य शिरा टोचून दूषित रक्त काढत. शरीरावरची मर्मस्थानं त्यांनी मोजून ठेवली होती. बारशाला सोनार कान टोचतो तो काय नुसत्या दागिन्यासाठी? इकडून बौद्ध भिक्खू गेले, त्यांच्याबरोबर ही विद्या तिकडे गेली असणार. आणि तुला वाटेल चीनला गेलेल्या आपल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांनी ती परत आणली, तर तसं नाही. ते गेले युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करायला आणि तिथेच वारले. त्यांच्या पथकातले डॉक्टर बसू पुढे बऱ्याच वर्षांनी पुन्हा चीनला गेले, सुया शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी दवाखाना काढला. तात्पर्य, आपलीच मुलगी सासरी जाऊन माहेरपणाला आली.

आणि उपचाराचंच म्हणशील तर घरात पायाळू नवरा असताना तुला परदेशात सुया कशाला? तुझा गुडघा आहे म्हणून, नाहीतर पाठीत उसण भरली असती तर मीच पाय लावला असता. तासगावला आमच्या अंगणात रांग लागायची, आठवतं ना? इतिहासाचा मास्तर सकाळी शाळेत जाऊन अंधश्रद्धेवर बोलायचा आणि संध्याकाळी लोकांच्या पाठीला पाय लावायचा, म्हणून तू किती हसायचीस. हसताना तुझं तोंड पदरात मावायचं नाही.

पाडव्याच्या आत ये. गुढी उभी करायला एकट्याचे हात पुरत नाहीत.

मनोहर


तोआ पायोह
१५ मार्च २०२५

अहो,

तुमचा मुद्दा मी पाटीवर इंग्रजीत लिहून मॅडम टेंना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि विचारलं, "युअर हजबंड हिस्टरी टीचर, अह?" मी मान हलवली. "नो वंडर," म्हणाल्या, "मेबी फ्रॉम इंडिया, मेबी नॉट. एव्हरीबडी गॉट नीडल, लाह." मग म्हणाल्या की आल्प्सच्या बर्फात पाच हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला, त्याच्या अंगावरचे गोंदणाचे ठिपके जवळजवळ सुया टोचायच्याच जागी आहेत. आता त्याच्यापर्यंत तुमचे भिक्खू कसे पोचले ते तुम्ही सांगा!

पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते तुम्हाला आवडेल. त्यांच्या एका फार जुन्या वैद्यकग्रंथात म्हटलंय की उपचार चारी दिशांनी आले, कारण दुखणी चारी दिशांची वेगळी. पूर्वेला समुद्रकाठची माणसं मासे आणि मीठ खायची, त्यांना गळवं व्हायची, म्हणून तिथून धारदार दगडाची सुई आली. उत्तरेला थंडी, तिथून वाळलेल्या वनस्पतीचा शेक आला. पश्चिमेकडून काढे आले. दक्षिणेला दमट हवा आणि आंबवलेलं खाणं, अंग आखडायचं, म्हणून बारीक सुया तिथून आल्या. आणि मधल्या सपाट प्रदेशातली माणसं खाऊन-पिऊन सुखी, त्यांनी मालिश शोधलं. ते ऐकून मला आपल्याकडचं आठवलं. घाटावर बिब्बा, काविळीला मनगटावर डाग आणि तासगावला पायाळूचा पाय. तेही मी लिहून दाखवलं. पायाळूचं वाचून मॅडम टे इतक्या हसल्या की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले.

त्यांचे वडीलही सिनसे होते. तिओच्यू बोलीचे लोक तेव्हा तिओच्यू सिनसेकडेच जायचे आणि हॉकियन लोक हॉकियनकडे. आपल्या भाषेत दुखणं सांगितल्याशिवाय बरं वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. वडिलांच्या सुया जाड असत, उकळून पुन्हा वापरायचे. आता एकदाच वापरायच्या, केसासारख्या बारीक, प्रत्येकीबरोबर एक छोटी नळी येते. नळी त्वचेवर टेकवायची, वरून बोटाने टिचकी मारायची की सुई आत. ही नळी जपानची. तिकडे म्हणे एक आंधळा शिष्य होता, त्याचा हात बसेना म्हणून गुरूने हाकलून दिलं. वाटेत तो ठेचकाळून पडला, तेव्हा हाताला बांबूच्या पोकळ काडीत अडकलेलं एक टोकदार पान लागलं. त्यावरून त्याला नळी सुचली आणि पुढे तो मोठा वैद्य झाला. खरं-खोटं देव जाणे, पण सुया घेऊन पडलेली असताना मला तो आंधळा मुलगा रोज आठवतो.

सुया टोचल्या की हलायचं नाही. पंख्याचा आवाज येतो, पलीकडच्या हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांतून कढयांचा खणखणाट येतो. तेवढा वेळ मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते. गंमत म्हणजे दुखतो गुडघा आणि सुई मात्र हाताला टोचतात, अंगठा आणि त्याच्याशेजारचं बोट यांच्या मधल्या उंचवट्यात. ती सुई रोज असतेच. टोचली की हात जड होतो. मॅडम टे म्हणतात, "हेवी इज गुड, आंटी."

पाडव्याला येणं जमत नाही. रागावू नका. विभाने माझा व्हिजिट पास वाढवून घेतला आहे.

तुमची,
दमयंती


सांगली
३१ मार्च २०२५

दमयंती,

काल गुढी उभी केली. काठी दोनदा निसटली. सरोजिनीताईंनी वरून दोरी धरली म्हणून कशीतरी उभी राहिली. त्यांनी विचारलं, "वहिनी कधी येणार?" मी म्हणालो, घसा. त्या म्हणाल्या, "अजून?" कडुलिंब खाल्ला, साखरेच्या गाठी तशाच ठेवल्या आहेत.

विभाला फोन केला. ती म्हणाली, "आईलाच विचारा, बाबा." म्हणजे विचारण्यासारखं काहीतरी आहे.

आता चिनी वैद्यक आणि जपानी नळ्या पुरे. दोन महिने होऊन गेले, तुझा आवाज ऐकलेला नाही. एवढा कुठला घसा? आणि गुडघ्याला सांगलीत डॉक्टर मिळत नाहीत का? मी आडपडदा न ठेवता विचारतो, तूही तसंच उत्तर दे. तुला तिथेच राहायचं आहे का? लेक आहे, नात आहे, लिफ्ट आहे, खाली उतरलं की बाजार आहे. इथे एक हट्टी म्हातारा आणि त्याची जळमटं. मी तुझ्या जागी असतो तर मलाही मोह झाला असता. पण तसं असेल तर सांग. तारखा पुढे ढकलत राहू नकोस. वाट बघायला मला हरकत नाही, पण फसवून वाट बघायला लावलेली चालत नाही.

मनोहर


तोआ पायोह
१५ एप्रिल २०२५

अहो,

असं लिहू नका. तुमचं पत्र वाचून मी दिवसभर खोलीबाहेर आले नाही. विभा ऑफिसला उशिरा गेली.

मला इथे राहायचं नाही. आपल्या घरी यायचं आहे. आपल्या गॅलरीतल्या खुर्चीवर बसून तुमच्या हातचा पाणचट चहा प्यायचा आहे. पण कधी, ते विचारू नका, कारण ते माझ्या हातात नाही. तोवर तुम्ही मला विमानतळावर शेवटची पाहिलीत, तशीच तुमच्या डोळ्यांसमोर राहू द्या. एवढंच मागते.

साखरेच्या गाठी डब्यात घालून ठेवा. मुंग्या लागतील.

दमयंती


सांगली
२ मे २०२५

माझे वेडे दमयंती,

तुझं पत्र आलं. 'तशीच तुमच्या डोळ्यांसमोर राहू द्या' असं कोण लिहितं? मला वाटलं, घशाचं काहीतरी वाईट निघालं आहे आणि तू मला सांगत नाहीस. दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी तुझी सगळी पत्रं शर्टाच्या खिशात घातली आणि विश्रामबागेत अभयकडे गेलो. अभय म्हणजे आपल्या शाळेतला तो बाकावर उभं राहून सनावळ्या म्हणणारा मुलगा. तो आता सुयांचाच डॉक्टर झालाय. सहा महिने त्याच्या पाटीवरून जात होतो, पण आत गेलो नव्हतो.

त्याला म्हणालो, अभय, यात घशाच्या आजाराचं काही सापडतं का बघ. त्याने पत्रं वाचली. आपल्या विद्यार्थ्याकडून आपल्या बायकोची पत्रं वाचून घेताना मला लाज वाटली, पण वेळ तशी होती. अंगठ्याच्या सुईपाशी तो थांबला. म्हणाला, "सर, काकूंचा गुडघा दुखतो ना? मग इतक्या दिवसांत गुडघ्याला एकही सुई नाही?" मी म्हणालो, तिकडची पद्धत असेल. तो म्हणाला, "पद्धती वेगळ्या असतात सर, पण हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात पाठ करायला लावतात. पोट दुखलं तर सुई पायाला, पाठ दुखली तर गुडघ्याच्या मागे, मान धरली तर मनगटाजवळ. आणि अंगठ्याशेजारची सुई चेहऱ्यासाठी, तोंडासाठी."

चेहरा म्हटल्यावर मला एकदम सगळं दिसायला लागलं. पडद्याकडे बघायचं नाही, ते तुला नव्हे, मला. बोलायची बंदी. पिशवीतली कोपी स्ट्रॉने. कपबशीशिवाय चहाला हात न लावणारी बाई स्ट्रॉने कोपी पिते आणि वर ती सोयीची पडते म्हणते, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. सुईच्या भीतीने 'डोळे मिटायला बघत होते', असं तू लिहिलंस. मिटले, असं लिहिलं नाहीस. अभयला विचारलं, काय असेल? तो म्हणाला, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, बहुतेकांची बरी होते, कधी आठवड्यांत, कधी महिन्यांत, थोडंफार राहूनही जातं. जिवाला धोका नाही. त्याने पाणी दिलं. इतकं हलकं वाटलं की मला आधी हसू आलं, आणि मग तुझा राग आला, आणि मग नुसतीच तुझी आठवण आली.

आता माझं ऐक. तुझा चेहरा मला आवडायचा, हे नाकारून मी काही थोर होणार नाही. पण मी तुला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. आणि पाहिल्यावर आता इतकी वर्षं झाली आहेत की तुझा चेहरा म्हणजे आपल्या घराचा दरवाजा. थोडा कलला म्हणून कोणी घर बदलत नाही. तू मला तिरक्या तोंडाने शिव्या दे, वाकडं हसून टोमणे मार, पण समोर बसून मार. पाठ असती तर पायाळूने पाय लावला असता. चेहऱ्याला काय लावू, ते मला समजत नाही. हात लावीन, चालेल?

तुला लाज वाटते हे मला कळतं, कारण मीही एक गोष्ट बारा-तेरा वर्षं तुझ्यापासून लपवली आहे. कवळी आल्यापासून तिच्याशिवाय तू मला एकदाही पाहिलेलं नाहीस. न्हाणीघराची कडी लावून काढतो, घासतो, दिवा घालवून झोपायला येतो आणि सकाळी तुझ्या आधी उठतो. तुला वाटायचं, मास्तरांना लवकर उठायची सवय आहे. काल मी स्टॅंडजवळच्या फोटो स्टुडिओत गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "पासपोर्ट साइज?" मी म्हणालो, हो, पण थांब. आणि कवळी काढून खिशात ठेवली. पोराने कॅमेरा खाली घेतला. मी म्हणालो, काढ रे, बायकोला पाठवायचाय.

फोटो सोबत आहे. गालफडं आत गेली आहेत, हनुवटी नाकाला भेटायला निघाली आहे. हसलोय, तर तोंडाची नुसती गुहा झाली आहे. माझं झाकलेलं मी दाखवलं. आता तुझी पाळी.

तुझाच,
मनोहर


तोआ पायोह
१८ मे २०२५

अहो,

खरं ते सगळं आता सांगते.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी चूळ भरली आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून गळून गेलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा माझा आणि अर्धा कुणा परक्या बाईचा. डावा डोळा मिटेना. विभाने मला तशीच टॅक्सीत घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. आधी वाटलं मेंदूचंच काही, पण ते नव्हतं. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, झोपताना डोळ्यावर पट्टी. मग त्याच डॉक्टरांना विचारून मॅडम टेंकडे जायला लागले. गुडघा ठणठणीत आहे. त्या बिचाऱ्याला उगीच गोवलं.

चेहऱ्याचं दुःख झालंच. पण त्याहून वाईट होतं ते बोलण्याचं. ओठ मिटत नाहीत म्हणजे प नाही, ब नाही, म नाही. 'विभा' म्हणायला जावं तर भ मधूनच फुस्स करून सुटायचा. तीस वर्षं जिने मायक्रोफोनपुढे एक अक्षर वाकडं पडू दिलं नाही, तिला नातीकडे पाणी मागता येईना. पाटी त्यासाठी होती. तुम्ही बाजारभावांवरून होकार दिलात, असं लिहिलंत ना, ते वाचून मी फार रडले. म्हटलं, ज्यासाठी यांनी मला पत्करलं तेच माझ्याकडे उरलं नाही, तर कुठल्या तोंडाने घरी जाऊ? विभाला मीच शपथ घातली होती. तिच्यावर रागावू नका.

तेव्हा मला बऱ्यापैकी नीट म्हणता येत होता असा शब्द एकच. त्यात कुठे ओठ मिटावे लागत नाहीत. 'अहो'. ओठांचा गोल थोडा वाकडा व्हायचा, पण शब्द सबंध यायचा. घरात कुणी नसलं की मी तो मोठ्याने म्हणून बघायची.

मार्चमध्ये मॅडम टे म्हणाल्या, सुयांनी सगळं होत नाही, आंटी, यू मस्ट एक्सरसाइज. आरशापुढे उभं राहून म, प, ब म्हणायचे. नुसती अक्षरं म्हणायला कंटाळा येतो, म्हणाल्या, एखादं नाव घ्या, तुम्हाला प्रिय असलेलं. अहो, लग्नात घास भरवताना जे घेतलं त्यानंतर मी तुमचं नाव घेतलेलं नाही. माझी आई म्हणायची, घेऊ नये. पण इथे वैद्यीणबाईंचा हुकूम. तेव्हापासून रोज सकाळी बेसिनच्या आरशापुढे उभी राहून मी तुमच्या नावाचा जप करते. त्यात कष्ट पहिल्याच अक्षराचे आहेत. पुढचं सगळं आपोआप येतं. आर्याने एकदा ऐकलं आणि आईला जाऊन सांगितलं, "आजी इज कॉलिंग आजोबा इन द टॉयलेट, लाह!"

आता तुमच्या फोटोबद्दल. पाकीट उघडलं तेव्हा मी दवाखान्यात माझा नंबर यायची वाट बघत बाकावर बसले होते. पत्र आधी वाचलं, तेव्हा डोळे भरले. डावाही भरला, तो तर कायम भरलेलाच असतो. मग फोटो काढला. आणि मला हसू फुटलं. गेले चार महिने मी हसायचं टाळत होते, कारण हसलं की चेहऱ्याचे दोन तुकडे उघडे पडतात. पण तुमची ती हनुवटी बघून माझा इलाज चालेना. अहो, काय दिसता! आपल्या सांगलीच्या बाजारातल्या गूळवाल्या आजोबांचे सख्खे भाऊ. मी पदर शोधायला गेले तर मी होते सलवार कमीजमध्ये. तशीच उघड्यावर हसले. शेजारच्या चिनी आजी माझ्याकडे बघून हसायला लागल्या, मी त्यांना फोटो दाखवला, त्यांनी स्वतःची कवळी काढून मला दाखवली. आवाज ऐकून मॅडम टे बाहेर आल्या, माझी हनुवटी धरून मला उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "आंटी, डोन्ट स्टॉप. लेफ्ट साइड ऑल्सो लाफिंग."

थोडीच हलली, ओठाचा कोपरा. संध्याकाळी विभाला दाखवायला गेले तर पुन्हा हसू येईना, मग तिलाही फोटो दाखवावा लागला. ती हसता हसता रडायला लागली. डोळा अजून पुरता मिटत नाही, गाल एका बाजूने ओघळलेला आहे, आणि डॉक्टर म्हणतात, थोडं कायमचं राहील. राहू दे. तुम्ही हात लावाल म्हणालात, ते मी लक्षात ठेवलं आहे.

मॅडम टेंना पत्रातला घराच्या दरवाजाचा भाग इंग्रजीत सांगितला. त्या दिवसाचे पैसे त्या घ्यायलाच विसरल्या. त्यांना भडंग पाठवायचं आहे, आपल्या नेहमीच्या दुकानातलं. आणि सुयांचं मूळ कुणाचं हा वाद तुम्ही जिंकलात, असं मी परस्पर जाहीर केलं आहे. त्या म्हणाल्या, "ओके, गिव्ह हिम."

जूनच्या मध्याचं तिकीट काढलं आहे, आणि ते पुढे जाणार नाही. पण तोवर मला धीर नाही. आठ जूनला रविवार आहे. सकाळी नऊ वाजता, तुमच्या नऊला, व्हिडिओ लावा. मी आधी 'अहो' म्हणेन, म्हणजे तुम्हाला मीच आहे हे ओळखता येईल. मग तुमचं नाव घेईन, उखाणा न घेता, सगळ्यांसमोर. म अजून जरासा फुसका येतो. तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा, फक्त तेवढी कवळी डबीतच राहू द्या.

तुमची,
दमयंती